पक्षी लहान का झाला? एका कॅमेराबदलाचं प्रकरण

प्रकरण माझंच आहे. अमळनेरला माझं औषधांचं दुकान आहे. फोटो काढणं हा दुकान उघडण्याआधीच्या दोन तासांचा आणि रविवारचा उद्योग. २०२२ च्या दिवाळीत मी आठ वर्षं वापरलेला कॅमेरा बाजूला ठेवला आणि ज्याला सगळे ‘प्रोफेशनल’ म्हणतात तसला घेतला. महिन्याभरात हतनूरच्या जलाशयावर गेलो, चक्रवाकांचा थवा टिपला, घरी येऊन लॅपटॉपवर उघडला आणि गेल्या हिवाळ्यातला जुन्या कॅमेऱ्याचा फोटो शेजारी लावला. किनारा तोच, बसायची जागा तीच, पक्ष्याचं अंतर जवळपास तेवढंच. नव्या फोटोतला पक्षी लहान होता.

अडुसष्ट हजार रुपये मोजून पक्षी लहान झाला, तो कसा, त्याचा हा हिशेब.

आधीची स्थिती

जुना कॅमेरा म्हणजे कॅननचा ७०० डी. १८ मेगापिक्सेल, फोकसचे नऊ बिंदू, बाहेर वळणारा टचस्क्रीन. सोबत १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्स (आकडे मिलिमीटरचे, म्हणजे एमएमचे; आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). पाखरांचा नाद लावला तो तात्यांनी. तात्या निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे निकॉनचा पी ९०० हा लेन्स न बदलणारा कॅमेरा आहे, आणि ‘आपल्याला कुठं प्रदर्शन लावायचंय’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माझी मात्र एक महत्त्वाकांक्षा होती. रानपिंगळा. ज्याला हे घुबड ठाऊक नाही त्याच्यासाठी थोडक्यात: १८७३ मध्ये ह्यूम यांनी (हो, काँग्रेसच्या स्थापनेतले तेच) त्याचं पहिलं वर्णन केलं. पुढे शंभराहून अधिक वर्षं त्याचा पत्ता नव्हता. सगळे तो संपला असं धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो पुन्हा सापडला, तोही आपल्याच शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला. घुबड असून दिवसा वावरणारं. म्हणजे फोटो काढणाऱ्याला देवानंच पाठवलेलं, आणि खानदेशातल्या माणसाला तर घरचंच.

तोरणमाळच्या वाटेवर मी तीनदा गेलो. एकदाच तो दिसला, सागाच्या सावलीत, लांब फांदीवर. फोटो आला तो असा: मधोमध बोराएवढा तपकिरी ठिपका आणि सगळ्या फोटोभर रवा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ३२०० होता; तो चढवला की रवा वाढतो. त्या दिवशी परतताना मी दोन तक्रारी पक्क्या केल्या. एक, पाखरू लांब राहतं. दोन, कमी उजेडात फोटो रवाळ येतो. आणि दोन्हींवर एकच उपाय ठरवून टाकला, की मोठा कॅमेरा घ्यायचा.

दुकानात असे गिऱ्हाईक मी रोज पाहतो. लक्षण सांगायच्या आधी औषधाचं नाव सांगतात. ‘ती तांबडी गोळी द्या, शेजाऱ्याला लागू पडली.’ त्यांना मी समजावतो. मला समजावायला काउंटरच्या पलीकडे कुणी नव्हतं.

खरेदी

त्या सुमारास लग्नाचे फोटो काढणारे धडाधड मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, वळत होते आणि त्यांचे जुने भारी कॅमेरे विकायला निघत होते. सुरतेच्या एका लग्नवाल्याकडे ५ डी मार्क ३ होता. २०१२ चं मॉडेल, फुल फ्रेम (म्हणजे प्रतिमा टिपणारा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा मोठा), २२.३ मेगापिक्सेल, फोकसचे ६१ बिंदू. सुरत-भुसावळ लाइनवर राहणाऱ्याला सुरत काही परदेश नाही. सकाळी गेलो, रात्री परत.

त्याच्या स्टुडिओत कॅमेरा हातात घेतला तेव्हाचं आठवतं. ९५० ग्रॅमचा तो ठोकळा मुठीत असा बसला की जुना कॅमेरा खेळणं वाटायला लागला. त्याच्याच २४-१०५ लेन्सने खोलीतल्या खोलीत दहा-बारा फोटो काढले. अंधाऱ्या कोपऱ्यातला पडदा आयएसओ ६४०० वर इतका स्वच्छ आला की मी घासाघीससुद्धा नीट केली नाही. शटर किती वेळा उडालाय विचारलं, तर ‘साठ हजारांच्या आतच असेल, भाऊ’. ही संख्या कॅननच्या फोटोंच्या माहितीत लिहिलेली नसते. यूएसबी केबल जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावी लागते. केबल माझ्या पिशवीत होती. काढली नाही.

आता पाहिलं तर सगळ्या चुका त्या खोलीत एकत्र बसलेल्या दिसतात. लेन्स त्याची, जागा त्याची, विषयही त्याच्या कामाचा. म्हणजे लग्नात हॉलमध्ये कमी उजेडात जे लागतं तेच मी तपासलं आणि ते उत्तम निघालं. कॅमेरा त्याच कामासाठी बनलेला होता. माझी ५५-२५० मी सोबत नेलीच नव्हती.

घरी आल्यावर ती लावायला गेलो तर लागेना. आधी वाटलं थकलोय. मग पाहिलं, तर माझ्या दोन्ही झूम लेन्सवर जुळवायची खूण पांढऱ्या चौकोनाची, आणि या बॉडीवर फक्त लाल ठिपका. पांढऱ्या चौकोनाच्या लेन्स लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीच असतात. त्यांची मागची बाजू आत जास्त शिरते, आणि फुल फ्रेमचा आरसा मोठा असल्यामुळे तो तिच्यावर आपटेल. म्हणून त्या बसूच नयेत अशी सोय आहे. कंपनीचं चुकलं नाही. हे नव्वद टक्के लोकांना माहीत असेल, मी उरलेल्या दहांतला निघालो. घरात लाल ठिपक्याची एकच लेन्स होती, ५० एमएम १.८, मुलीच्या वाढदिवसाला घेतलेली.

आई जेवायला वाढता वाढता म्हणाली, “इतला पैसामा तं दुभती म्हैस येती रे भाऊ.”

म्हैस निदान त्याच दिवशी दूध देते.

हतनूर, आणि पिक्सेलचं गणित

बॉडीतच पैसे संपले होते. तरी जुनी ७०-३०० सोळा हजारांत घेतली. कार्डाचं नवं लफडं होतं. हा कॅमेरा एसडीही घेतो, पण वेग हवा तर जाडजूड सीएफ कार्ड लागतं आणि ते वाचायला वेगळा रीडर. त्यात साडेपाच हजार गेले. मनाशी म्हटलं, पूर्वी २५० होती, आता ३००. पक्षी मोठाच येणार.

भुसावळच्या पुढे, तापी-पूर्णेच्या संगमाखाली हतनूरचं धरण. हिवाळ्यात जलाशयाच्या कडेच्या दलदलीत पाहुण्या पाखरांची गर्दी असते. तात्या आणि मी पहाटे पोचलो. धुकं उठलं तसे नारिंगी चक्रवाक दिसायला लागले. मी धडाधड शंभर फोटो काढले. तात्यांनी दहा काढले आणि मग थर्मासमधला चहा.

पुढचं गणित मी दुकानातल्या बिलबुकाच्या मागे मांडलं होतं. ७०० डीचा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद आणि त्यावर आडवे ५१८४ पिक्सेल, म्हणजे मिलिमीटरला २३२. मार्क ३ चा सेन्सर ३६ मिलिमीटर आणि पिक्सेल ५७६०, म्हणजे मिलिमीटरला फक्त १६०. लेन्स पाखराची प्रतिमा सेन्सरवर टाकते ती सेन्सर केवढा आहे हे बघून टाकत नाही. ती फोकल लेंग्थवर, म्हणजे लेन्सच्या एमएमच्या आकड्यावर, ठरते. प्रतिमा १.२ पट मोठी झाली, पण ती जिथे पडली तिथे पिक्सेलच विरळ. २५० गुणिले २३२ म्हणजे ५८ हजार. ३०० गुणिले १६० म्हणजे ४८ हजार. जुन्या कॅमेऱ्यात जो पक्षी हजार पिक्सेल लांब होता तो नव्यात सव्वाआठशेवर आला. मोठ्या सेन्सरने पक्षी जवळ आणला नव्हता, भोवतालचं पाणी जास्त दाखवलं होतं.

उलट बाजूनेही करून पाहिलं. मार्क ३ चा फोटो ७०० डीच्या चौकटीएवढा कापला तर २२.३ मेगापिक्सेलमधले साधारण साडेआठ उरतात. बाकीचं तापीचं पाणी.

आणि तात्या? पी ९०० ची झूम २००० एमएमच्या तोडीची आहे. सेन्सर नखाएवढा, संध्याकाळी काही कामाचा नाही. पण त्या स्वच्छ सकाळी त्यांच्या स्क्रीनवर चक्रवाकाचा डोळा चमकत होता. काही बोलले नाहीत ते. चहा पुढे केला.

बोटांची सवय

यावर जास्त लिहीत नाही, पण पहिले दोन महिने मी स्क्रीनवर बोट टेकवून फोकस करत होतो आणि काहीच होत नव्हतं. या कॅमेऱ्याचा स्क्रीन टचचा नाही, वळतही नाही. त्यामुळे टिटवीसाठी चिखलात पालथं पडणं आलं. बॉडीत फ्लॅश नाही. खेळ, पोर्ट्रेट अशी तयार चित्रं डायलवर नाहीत, हिरवा ऑटो तेवढा आहे. रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो, साधारण २७ एमबीची. माझा लॅपटॉप ती उघडताना असा धापा टाकायचा की बायको विचारायची, मिक्सर चालू राहिलाय का.

फोकसच्या मेनूत हलणाऱ्या विषयासाठी सहा तयार मांडण्या आहेत आणि त्यांचं नावच ‘केस १’ ते ‘केस ६’. सातवी मी.

सारंगखेडा

डिसेंबरात मी तो विकायच्या बेतात होतो. भाव विचारून ठेवला होता. मग दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा आली. दोंडाईच्याला रेल्वेने उतरून पुढे गेलो ते केवळ मन रमवायला.

तापीकाठचा तो घोडेबाजार ज्याने पाहिलाय त्याला धूळ सांगायला नको. शेकडो घोडे, मारवाडी, काठियावाडी, मध्येच पांढराशुभ्र नुकरा, आणि घोडा पळवून दाखवणाऱ्याच्या वाटेत सतत कुणीतरी आडवं जातंय. जुन्या कॅमेऱ्याने मी इथे दोन वर्षं फोटो काढले होते. दर वेळी फोकस त्या आडव्या जाणाऱ्याच्या टोपीवर. या वेळी ‘केस २’ लावली. ती मध्ये अडथळा आला तरी धरलेल्या विषयाला लगेच सोडत नाही. पहिला पळता घोडा आला, मध्ये ऊसवाला गेला, पोरांचं टोळकं गेलं. घरी पाहिलं तर सलग सात फोटोंत घोड्याचा डोळा तीक्ष्ण. तिथे घोडा दहा-पंधरा फुटांवर असतो, पिक्सेल विरळ असले तरी चौकट भरते. आणि ७०-३०० इथे पुरून उरली.

नुकऱ्याने आणखी एक शिकवण दिली. कॅमेऱ्याचं उजेड मोजणं सगळ्याला मधला करडा धरतं. पांढरा घोडा चौकटभर आला की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो घोडा राखाडी करून टाकतो. उजेड एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवला आणि नुकरा नुकरा दिसला. हे जुन्या कॅमेऱ्यातही करता आलं असतं. पण तिथे एक बटण दाबून धरून चाक फिरवावं लागतं म्हणून कधी केलं नव्हतं, इथे मागचं चाक अंगठ्याखालीच असतं. प्रोफेशनल कॅमेऱ्याचा मला झालेला पहिला खरा फायदा सेन्सरचा नव्हता, त्या चाकाचा होता.

एक घोडेवाला जवळ आला. “फोटो काढी ऱ्हायना का, दादा? मना घोडाना बी काढ.” काढला. त्याने नंबर दिला, मी फोटो पाठवला, आता दर दत्तजयंतीला फोन येतो.

दिवसभरात नऊशे फोटो, चोवीस जीबी. आणि तिथेच धुळीत मी दोनदा लेन्स बदलली, ती फेड पुढे दोन महिने केली. आभाळ असलेल्या प्रत्येक फोटोत तेच तीन डाग.

रात्र

वैशाखात आमच्या गावी संत सखाराम महाराजांचा रथ निघतो. लहानपणापासून पाहतोय. मशाली, माणसांचा पूर, घामेजलेले चेहरे. मे महिन्यातलं अमळनेर म्हणजे पारा चव्वेचाळीसच्या पुढे. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत कामाचं तापमान शून्य ते चाळीस अंश लिहिलेलं आहे, ते लिहिणारा खानदेशात आलेला नसावा. दिवसा ऊन लागू नये म्हणून कॅमेरा ओल्या पंच्यात नव्हे, कोरड्या पंच्यात गुंडाळून सावलीत ठेवला. रात्री ५० एमएम लावून बाहेर पडलो. आयएसओ ६४००. फुल फ्रेमचा सेन्सर जुन्याच्या सुमारे अडीच पट क्षेत्रफळाचा, तितका जास्त उजेड गोळा करतो. मशालीच्या पिवळ्या उजेडात दोर ओढणाऱ्यांच्या दंडावरच्या शिरा दिसल्या. असा फोटो मला आयुष्यात आधी कधी आला नव्हता.

श्रावणात घरची कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसली. रविवारची रात्र, समईचा उजेड, बायकांची गाणी चाललेली. इथे शटरचा हळू आवाज करणारी सोय कामी आली, कुणी वळून पाहिलं नाही. पण पहिले वीस फोटो वाया गेले. एक मीटरवरून लेन्सचं छिद्र १.८ वर, म्हणजे पूर्ण उघडं, ठेवून काढलं तर फोकसमध्ये राहतं ते जेमतेम चार सेंटिमीटर. आईची नथ स्पष्ट आणि डोळे धूसर. मग छिद्र बारीक करून २.८ वर आणलं, आयएसओ चढवला, फोकसचा बिंदू हाताने जवळच्या डोळ्यावर नेला. त्यातला एक फोटो बारा बाय अठरा करून भिंतीवर लावलाय. आई म्हणते त्यात ती म्हातारी दिसते.

याच काळातला एक त्रास नोंदवायलाच हवा. मोठा कॅमेरा घरात आला की नात्यातली हळद, बारसं, साखरपुडा सगळं आपल्याकडे येतं. ‘मामांकडे प्रो कॅमेरा आहे, बाहेरचा कशाला?’ एका उन्हाळ्यात चार लग्नं. जेवणात वांग्याचं भरीत उत्तम होतं एवढीच मजुरी.

आठ वर्षांचे फोटो काय सांगत होते

पावसाळ्यात दुकानात गिऱ्हाईक कमी होतं तेव्हा ते केलं जे खरेदीच्या आधी करायला हवं होतं. प्रत्येक फोटोत फोकल लेंग्थ, आयएसओ, शटर लिहिलेलं असतं. एक्झिफटूल नावाच्या फुकट साधनाने ७०० डीच्या सगळ्या फोटोंची ती माहिती एका तक्त्यात ओतली. दहातले सहा फोटो थेट २५० वर. म्हणजे लेन्स शेवटच्या टोकाला नेऊन मी आठ वर्षं तिला आणखी पुढे ढकलत होतो. त्यांतले बहुतेक आयएसओ ८०० च्या आत, कारण पक्षी सकाळच्या उन्हात टिपलेले. रवाळ फोटोंचा ढीग वेगळाच निघाला: घरातले, देवळातले, जत्रेतले. आणि हो, रानपिंगळ्याचे अकरा.

दोन दुखणी होती आणि दोन्ही वेगवेगळ्या अवयवांची. एकाला लांब लेन्स हवी होती, दुसऱ्याला मोठा सेन्सर. मी दुसऱ्याचं औषध पहिल्यावर लावून महिनाभर ‘गुण येत नाही’ म्हणत होतो.

तेव्हाच पुन्हा बिलबुक काढलं. ४०० एमएम एफ ५.६ ही कॅननची जुनी पांढरी लेन्स. तिच्यात हात स्थिर ठेवणारी यंत्रणा नाही, पण वजन सव्वा किलोच. ती मार्क ३ वर लावली तर ४०० गुणिले १६०, चौसष्ट हजार. जुन्या २५० पेक्षा फक्त दहा टक्के जास्त. तीच ७०० डीवर लावली तर सुमारे ९३ हजार. जुन्याच्या १.६ पट. वापरलेली ती मला बावन्न हजारांत मिळाली. दिवाळीत सुरतेऐवजी तिच्यामागे गेलो असतो, तर सोळा हजार वाचले असते आणि पाखरू दीडपटीहून मोठं झालं असतं. ७०-३०० तेरा हजारांना गेली.

आता दोन्ही कॅमेरे घरात आहेत आणि कामं वाटलेली आहेत. फांदीवर बसलेल्या पाखराला ७०० डी आणि ४००. पाण्यावर सूर मारणाऱ्या नदीसुरयाला मात्र मार्क ३ च, कारण तिथे पिक्सेलपेक्षा फोकस टिकणं महत्त्वाचं. कुणी विचारलं की ‘प्रो कॅमेरा घेऊ का’, तर मी आधी त्याचा लॅपटॉप मागतो. लोक नाराज होतात.

शटरची संख्या शेवटी केबल लावून काढली. १,३१,०००. माझे त्यातले वीसेक हजार. कंपनीने हा शटर दीड लाखासाठी सांगितलेला आहे. दीड लाखाला तो लगेच मरतो असं नाही, त्याच्या आधीही जाऊ शकतो. सुरतेला फोन केला नाही. केबल माझ्याच पिशवीत होती ना.

काल तात्यांचा निरोप आला, शनिवारी पहाटे साडेतीनला तोरणमाळकडे निघायचं. बॅगेत ७०० डी भरलाय. मार्क ३ साठी जागा होत नाहीये, पण आई म्हणतेय वाटेत शहाद्याला मावशीकडे बारसं आहे, तो घेच.